लोकसंख्या-आरोग्यातली पोस्टडॉकची जागा: अर्ज करू का, आणि आधी काय काय विचारून घेऊ?

निरंतरा

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, आधीच सांगते.

माझी पीएचडी बायोस्टॅटिस्टिक्समधली. प्रबंध सर्व्हायव्हल अॅनालिसिसवर (एखादी घटना घडायला किती काळ लागतो याचं गणित): हृदयरोगाचे रुग्ण, पुन्हा अॅडमिट होणं, मृत्यू, असा पाठपुरावा. व्हायव्हा झालाय, किरकोळ दुरुस्त्या चालू आहेत. परवा मार्गदर्शकांनी पोस्टडॉकची (पीएचडीनंतरची, ठराविक मुदतीची संशोधनाची जागा) एक जाहिरात पुढे पाठवली. विषय 'पॉप्युलेशन हेल्थ आणि मेडिकल डेमोग्राफी' (डेमोग्राफी म्हणजे लोकसंख्याशास्त्र), मुदत दोन वर्षं, काम पाहून तिसरं. प्रकल्प असा की एकाच माणसाला दोन-तीन जुनाट आजार असणं (मल्टिमॉर्बिडिटी) आणि निरोगी आयुर्मान यांचा संबंध, तोही राष्ट्रीय रजिस्टरचा (देशातल्या लोकांच्या सरकारी नोंदींचा) डेटा एकमेकांना जोडून.

माझ्या शंका: डेमोग्राफीचा एकही कोर्स मी केलेला नाही, तर अर्ज करण्यात अर्थ आहे का? जाहिरातीत 'उमेदवाराने स्वतःचा संशोधनप्रश्न मांडावा' असं लिहिलंय, पण प्रकल्प तर आधीच ठरलेला दिसतो. मग मांडायचं काय? आणि दोन वर्षांत नक्की होतं किती?

या वाटेने गेलेल्यांनी लिहावं. न गेलेल्यांनीही लिहावं, फक्त तसं सांगून.

शंकासुर

न गेलेला. एक बाळबोध प्रश्न: हे एपिडेमिऑलॉजीपेक्षा वेगळं कसं? आजार मोजायचे, मृत्यू मोजायचे, दोन्हीकडे तेच की.

दशमान

शंकासुर, प्रश्न बाळबोध नाही. मुलाखतीत हाच विचारतात, जरा सभ्य शब्दांत.

साधन बरंचसं सारखं आहे, नजर वेगळी. एपिडेमिऑलॉजीवाला विचारतो की हा आजार कोणाला होतो आणि का. डेमोग्राफर विचारतो की या आजारामुळे (किंवा तो हटल्यामुळे) अख्ख्या लोकसंख्येचं जगणं-मरणं कोणत्या वयात आणि किती बदललं. सुरुवात तशी जुनी आहे. जॉन ग्राउंटने १६६२ मध्ये लंडनच्या साप्ताहिक मृत्यूयाद्या घेऊन बसून कारणांनुसार हिशेब मांडला. १८२५ मध्ये गोम्पर्ट्झने दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूचा धोका वयाबरोबर घातांकी वेगाने वाढतो. 'मेडिकल' हे विशेषण लागतं तेव्हा मृत्यूच्या जोडीला आजारपण आणि अपंगत्वही हिशेबात येतं.

निरंतराताई, तुमच्याकडे सेन्सॉरिंग (पाठपुरावा अर्धवट राहिलेली माणसं), हॅझार्ड (त्या त्या क्षणीचा धोका), कॉम्पिटिंग रिस्क (एक घटना दुसरीची वाट अडवते ते) हे सगळं आहे. म्हणजे अवघड निम्मं झालंय. राहिलं काय, तर जीवनसारणी (वयागणिक किती जण जगतात-मरतात याचा तक्ता), वयाचं प्रमाणीकरण (वयोरचना सारखी धरून तुलना), लेक्सिस आकृती (वय आणि कालखंड एकत्र दाखवणारी) आणि डिकम्पोझिशन (फरक कशाकशातून आला ते फोडून दाखवणं). नीट बसलात तर एका उन्हाळी सुट्टीचं काम. ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस नोंदणी करून फुकट मिळतो, स्वीडनची आकडेवारी तर १७५१ पासून आहे. दोन देश घ्या, आयुर्मानातला फरक काढा आणि तो कोणत्या वयोगटांतून आला हे आरियागाच्या १९८४ च्या पद्धतीने फोडून दाखवा. तेवढा कोड स्वतःच्या हाताने लिहून अर्जात त्याची लिंक दिलीत, तर 'कोर्स केलेला नाही' हा मुद्दाच निकालात निघतो.

आता निरोगी आयुर्मानाबद्दल, कारण प्रकल्प त्यावरच आहे. सगळ्यात जास्त वापरली जाणारी सलिव्हनची पद्धत (१९७१) इतकी सोपी आहे की पहिल्यांदा शिकताना फसवणूक झाल्यासारखं वाटतं. काल्पनिक आकडे घेऊ. ६५ ते ६९ या वयोगटात जीवनसारणीप्रमाणे ४,००,००० माणूस-वर्षं जगली गेली. सर्वेक्षणात त्याच वयोगटातले २५% लोक म्हणाले की आजारपणामुळे रोजच्या कामात अडचण येते. मग ४,००,००० गुणिले ०.७५ म्हणजे ३,००,००० निरोगी वर्षं. असं ६५ च्या वरच्या प्रत्येक वयोगटाचं करायचं, बेरीज घ्यायची, ६५ व्या वर्षी जिवंत असलेल्यांच्या संख्येने भागायचं. झालं ६५ व्या वर्षीचं निरोगी आयुर्मान.

शंकासुर

एवढंच? यासाठी पोस्टडॉक?

खारूताई

दशमानजी, एवढ्यावर सोडू नका, लोक खरंच एवढंच समजतील. :)

ते २५% कुठून आले हीच सगळी मेख आहे. प्रश्न कसा विचारला, 'गेले सहा महिने' म्हटलं की नुसतंच 'सध्या', त्यावर उत्तर हलतं. घराघरात जाऊन केलेल्या सर्वेक्षणात वृद्धाश्रमातली माणसं नसतात, आणि सगळ्यात जास्त आजारी तीच असतात. शिवाय ते २५% म्हणजे गेल्या कित्येक वर्षांत साठलेलं आजारपण, आणि जीवनसारणी मात्र या वर्षीच्या मृत्युदरांची. उद्या नवीन रुग्ण होण्याचं प्रमाण एकदम घटलं तरी सलिव्हनचा आकडा ते बरंच उशिरा दाखवणार.

म्हणून रजिस्टरवाले प्रकल्प मल्टिस्टेट मॉडेलकडे जातात: निरोगी, एक आजार, दोन किंवा जास्त, मृत्यू, अशा अवस्था आणि एकीतून दुसरीत जाण्याचे दर. त्याला त्याच माणसांचा वर्षानुवर्षांचा डेटा लागतो. निरंतरा, हे तुझ्या प्रबंधाच्या शेजारचं घर आहे गं. पुन्हा अॅडमिट होणं आणि मृत्यू हे तू केलंयस, त्यात अवस्था वाढवायच्या.

पण रजिस्टरचाही एक रोग आहे. त्यात आजार दिसतो तो दवाखान्याची पायरी चढलेल्यांचाच. समजा मधुमेहाच्या निदानाचा निकष सैल झाला, किंवा डॉक्टर जास्त तपासण्या लिहायला लागले. माणसं तीच, तब्येत तीच, पण कागदावर 'दोन आजार असलेले' एकदम वाढतात आणि निरोगी आयुर्मान खाली येतं. मल्टिमॉर्बिडिटीसाठी कोणी ११ आजारांची यादी धरतं, कोणी ४० ची. यादी लांबवली की लोकसंख्या आजारी होते! मुलाखतीत त्यांना विचार, यादी कोणी ठरवली आणि का. उत्तर देताना चाचरले तर तुझा संशोधनप्रश्न तिथेच सापडला.

मृगजळी

सगळे पद्धतीत रमलेत, म्हणून कडू बोलते. पोस्टडॉक म्हणजे हंगामी मजुरी. प्रकल्प पीआयचा (म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुखाचा), डेटा पीआयचा, शेवटी नाव पीआयचं. दोन वर्षांनी पुन्हा बॅगा भरा. मी एक करून बाहेर पडले, आता विमा कंपनीत आहे आणि रात्री झोप लागते. तीच जीवनसारणी इथेही वापरते.

आडवाटेचा

मृगजळी यांच्याशी निम्मा सहमत. मजुरी आहेच, पण कसली मजुरी हे आधी कळू शकतं. आणि या क्षेत्रात ते कळण्याची जागा एकच: डेटाची परवानगी.

माझं सांगतो. संस्था नामांकित, नाव घेत नाही. प्रकल्प होता मृत्यूची कारणं आणि शिक्षण यांचा डेटा जोडण्याचा. रुजू झालो तेव्हा मला सांगितलं होतं की डेटा 'जवळपास आलेला' आहे. प्रत्यक्षात नीतिसमितीचा अर्ज गेलेला, पण मृत्यूच्या कारणांचं रजिस्टर एका खात्याकडे, शिक्षणाचं दुसऱ्याकडे, आणि दोघांनाही आधी दुसऱ्याची मंजुरी हवी. मंजुरी आली तेव्हा माझ्या कराराचा मोठा भाग सरला होता. डेटा हातात आला तो असा की उणे वयाची माणसं आणि मृत्यूनंतर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. (हे दुसरं वाटतं तितकं विनोदी नसतं, बहुतेक वेळा तारीख बिलाची असते.) पेपर झाला, पण मी तिथून निघाल्यावर, आणि क्रमात माझं नाव मधे कुठेतरी.

त्यामुळे निरंतरा, 'डेटा आहे का' असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. विचारा की आज, या क्षणी, गटातला कोणी तो डेटा उघडून बघू शकतो का? मंजुरीत माझं नाव घालायला किती वेळ लागतो? मंजुरीत लिहिलेल्या उद्दिष्टात माझा प्रश्न बसतो, की दुरुस्ती टाकावी लागेल? करार संपल्यावर पेपरच्या फेरतपासणीसाठी मला पुन्हा प्रवेश मिळेल का? हा शेवटचा प्रश्न कोणीच विचारत नाही. परीक्षकांचा शेरा येतो तोवर तुम्ही दुसऱ्या देशात, खातं बंद, आणि 'तक्ता ३ वयोगट बदलून पुन्हा द्या' म्हणून मेल आलेली असते.

खारूताई

+१. त्यात भर: अशा ठिकाणी डेटा आपल्या लॅपटॉपवर येतच नाही. उदाहरणार्थ डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येकाला व्यक्तिक्रमांक आहे आणि त्यावरून सगळी रजिस्टरं जोडता येतात, पण काम त्यांच्या सुरक्षित सर्व्हरवर जाऊन करायचं, बाहेर आणायचे ते फक्त एकत्रित निकाल. व्यक्तीगणिक ओळी नाहीत, तक्त्यात फार छोट्या संख्यांची घरं नाहीत. ९५ च्या वरचे, तीन आजार असलेले, अमुक शिक्षणाचे पुरुष असं पाहायला गेलं की घरात दोन माणसं उरतात आणि तो तक्ता बाहेर येत नाही. अभ्यासाचा आराखडा करतानाच हे धरून चाल.

निरंतरा

बापरे. एवढं जाहिरातीत कुठून कळणार! आडवाटेचा, तुमचे चारही प्रश्न जवळपास तसेच्या तसे पीआयना मेल केलेत.

मृगजळी, तुमचं म्हणणं मनावर घेतलंय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. विमा कंपनीचा पर्याय मी खरंच विचारात घेतला नव्हता.

दशमान

पीआयचं उत्तर येईपर्यंत मुलाखतीबद्दल लिहून टाकतो. मी दुसऱ्या बाजूला बसलोय, म्हणून.

एक प्रश्न मला आवडतो. अमेरिकेचं आयुर्मान २०१९ मध्ये ७८.८ होतं, २०२१ मध्ये ७६.४. मग २०२१ मध्ये जन्मलेलं बाळ २०१९ मध्ये जन्मलेल्यापेक्षा सव्वादोन-अडीच वर्षं कमी जगणार का? भले भले 'हो, सरासरीने' म्हणून मोकळे होतात. हे आयुर्मान त्या एका वर्षाच्या दरांचं असतं. जन्मभर त्या वर्षाचेच मृत्युदर लागू राहिले तर, असा तो जर-तरचा आकडा. करोनाचे दर त्या बाळाला आयुष्यभर लागू होणार नाहीत. म्हणजे तो आकडा त्या वर्षाची प्रकृती सांगतो, बाळाचं भविष्य नाही. हे स्वच्छ सांगणारा उमेदवार मिळाला की आम्ही एकमेकांकडे बघतो.

दुसरा, मृत्यूच्या कारणांचा. दाखल्यावर डॉक्टर कारणांची साखळी लिहितात: सर्वात वर थेट कारण, खाली त्याचं कारण, त्याखाली त्याचंही. आकडेवारीत एकच मोजलं जातं, मूळ कारण, जिथून ती साखळी सुरू झाली ते. आता वर 'हृदय बंद पडणे' लिहून खाली काहीच नसेल, तर त्या मृत्यूचं करायचं काय? हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. अशा निरुपयोगी कोडांचं (आकडेवारीत प्रत्येक कारणाला एक कोड असतो) प्रमाण देशागणिक वेगळं असतं, आणि ते न बघता हृदयरोगाची तुलना केली तर आपण डॉक्टरांच्या लिहिण्याच्या सवयी मोजत बसतो. त्यात आजारांच्या वर्गीकरणाची आवृत्ती बदलली की मालिका तुटते. नववीतून दहावीत जाताना हे झालं, अकरावी २०२२ पासून लागू आहे, तिथेही होणार. तुमच्यासाठी दुसरी अडचण: मल्टिमॉर्बिडिटीचा माणूस चार आजारांनी मिळून मरतो आणि आकडेवारी एकच निवडते. दाखल्यावरची सगळी कारणं वापरणारं काम होतंय, पण जागा अजून भरपूर आहे.

शंकासुर

मग हे सगळं मशीन लर्निंगला देऊन टाका ना. इतका डेटा आहे.

दशमान

द्या की. कोणता माणूस लवकर मरेल याचा अंदाज ते झकास बांधेल. पण वय, कालखंड आणि जन्मवर्ष या तिघांचे परिणाम वेगळे काढायला सांगा. कालखंडातून जन्मवर्ष वजा केलं की वय येतं, म्हणजे दोन ठरले की तिसरं ठरलंच. कितीही डेटा ओता, तो गुंता आकड्यांनी सुटत नाही, बाहेरून काहीतरी गृहीत धरावंच लागतं. आणि काय गृहीत धरायचं हे तुम्ही ठरवायचं.

कापूसकोंड्या

युरोपातली जागा असेल तर एक बारीक अट कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. युरोपियन युनियनची मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप ऐकून असालच. पीएचडीनंतर ८ वर्षांच्या आत, स्वतःच्या प्रकल्पावर, यजमान संस्थेबरोबर अर्ज करायचा. त्यात फिरतीची अट आहे: अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही.

आता बघा. तुम्ही ही दोन वर्षांची नोकरी धरलीत, मजेत काम केलंत, आणि दुसऱ्या वर्षी म्हणालात की याच गटात स्वतःची फेलोशिप आणते. दार बंद! त्याच देशात मिळणार नाही. पीआयलाही पुष्कळदा हे लक्षात नसतं. त्यामुळे एकतर पहिल्या वर्षातच अर्ज टाका, नाहीतर दुसऱ्या देशातली संस्था आतापासून हेरून ठेवा. अटी दरवर्षी त्या त्या वर्षीच्या पत्रकात वाचाव्यात, माझ्यावर विसंबू नका.

आणि नोकरीचा करार आहे की स्टायपेंड, तेही बघा. हातात येणारी रक्कम सारखी दिसली तरी स्टायपेंडमध्ये पेन्शन, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा यातलं बरंच काही गळालेलं असू शकतं. आजारपणावर संशोधन करणाऱ्याला आजारपणाची रजा नाही, असले प्रकार पाहिलेत.

मृगजळी

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा कोणीतरी.

निरंतरा

उत्तर आलं! दोनच दिवसांत, आणि मोकळेपणाने. रजिस्टरचा डेटा गटाकडे आहे, सध्या दोन पीएचडी विद्यार्थी त्यावर काम करताहेत. माझं नाव मंजुरीत घालायला साधारण दोन-तीन महिने लागतील, तोवर प्रकाशित आकडेवारीवर काम करता येईल. बाहेर पडल्यावर प्रवेश राहणार नाही, पण फेरतपासणीचा कोड गटातलं कोणीतरी चालवून देईल असं लेखी द्यायला तयार आहेत. आणि नोकरीचाच करार आहे, स्टायपेंड नाही. आजारांच्या यादीबद्दल मात्र एकच वाक्य: 'तो वादाचा विषय आहे, तुमचं मत ऐकायला आवडेल.' खारूताई, तू म्हणालीस तेच.

म्हणून संशोधनप्रश्न असा लिहिलाय, ठोका:

'दोन किंवा जास्त आजारांसह जगलेली वर्षं वाढली आहेत. यातला किती भाग निदान लवकर आणि जास्त होऊ लागल्यामुळे, आणि किती भाग आजारी माणसांचा मृत्यू लांबल्यामुळे? त्यासाठी यादीतल्या प्रत्येक आजाराच्या निदानातला बदल आधी स्वतंत्रपणे मोजून मग मल्टिस्टेट मॉडेल बसवणार.'

आडवाटेचा

दोन विद्यार्थी आत्ता त्या डेटावर बसलेत? मग जा. त्या दोघांना स्वतंत्र मेल करा, पीआयला न घालता. काम काय करता असं विचारा, तक्रारी विचारू नका. उत्तराच्या सुरातून कळतं.

खारूताई

प्रश्न आवडला. पण अर्जात जुन्या वादाशी त्याची गाठ मार. ग्रुएनबर्ग १९७७ मध्ये म्हणत होता की औषधं मरण लांबवतात, आजार तसाच ठेवतात, म्हणजे आजारी वर्षं वाढणार. फ्राइजने १९८० मध्ये उलट मांडलं, आजारपण आयुष्याच्या शेवटच्या टोकाला दाबलं जाईल. मॅन्टन १९८२ मध्ये मधली वाट: वर्षं वाढतील, पण आजाराची तीव्रता कमी होईल. तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग ग्रुएनबर्ग आहे, आणि पहिला भाग या तिघांनाही नीट मोजता आलेला नव्हता. हे दोन वाक्यांत आलं की समितीला कळतं की बाई नुसती कोड लिहिणारी नाही.

'निदानातला बदल स्वतंत्रपणे मोजून' हे लिहायला सोपं आहे, कशाने मोजणार? निदानाच्या वेळची तीव्रता किंवा निदानानंतरचं आयुर्मान, काहीतरी एक धर. निदान लवकर झालं की निदानानंतरची वर्षं आपोआप लांबलेली दिसतात, माणूस एक दिवसही जास्त न जगता. हृदयरोगात हे तू पाहिलं असशीलच. पण त्यामुळे तुझे दोन भाग एकमेकांत मिसळतात, ते परीक्षक पहिल्या झटक्यात पकडेल.

दशमान

खारूताईंचा शेवटचा मुद्दा अर्जातच लिहा, 'ही अडचण आहे आणि ती अशी हाताळेन' म्हणून. सगळे आजार घेऊ नका. ज्यांत निदानाचा निकष कधी बदलला त्याची तारीख पक्की माहीत आहे असे दोन-तीन घ्या. तारखेच्या आधी-नंतर तुलना करता येते, आणि दोन वर्षांत पूर्ण होण्यासारखं होतं.

कापूसकोंड्या

दुरुस्त्या जमा करून पदवी हातात कधी येतेय? काही ठिकाणी रुजू व्हायच्या दिवशी प्रमाणपत्र लागतं, काही ठिकाणी विद्यापीठाचं पत्र चालतं. हे आजच विचारून घ्या.

निरंतरा

विचारते. दोन आजार ठरलेत, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार, दोन्हींत निकष बदललेत. मसुदा बसवला की इथेच टाकते. आणि त्या दोघा विद्यार्थ्यांपैकी एकाचं उत्तर आलंय, पहिली ओळ अशी: 'बिलाच्या तारखांबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं का?'